चाकाची कुरकुर

जुन्या मोटारीचा संसार करणाऱ्या गृहस्थास दोन गोष्टी लवकरच शिकाव्या लागतात. खर्चाचा अंदाज बांधूं नये, ही पहिली. आणि आवाजाकडे कानाडोळा करूं नये, ही दुसरी. पहिली आम्ही फार दिवसांपूर्वीं शिकलों होतों. दुसरी शिकण्याचा योग अलीकडे आला. छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे २०२३ पर्यंत ज्यास औरंगाबाद म्हणत त्या शहराहून, आम्ही सहकुटुंब वेरुळास निघालों होतों. गाडी वीस वर्षांची. परंतु चालण्यांत खोड काढावी अशी नव्हती. दौलताबादेच्या बाहेरच्या तटांतील अरुंद दरवाजांतून ती जाऊं लागली तोंच दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींवर आपटून एक घुमणारा सूर परत आला. जणूं कोणीं दूर कोठें तरी मोठा भोंवरा फिरत ठेवला आहे. दरवाजा मागें पडला तसा तो सूर मंदावला, पण नाहींसा झाला नाहीं. वेग वाढवावा तसा तो चढे, वेग कमी करावा तसा उतरे. सपाट व मोकळ्या रस्त्यावर गियर सोडून गाडी क्षणभर नुसती आपल्या गतीनें जाऊं दिली, तरी त्यांत फरक पडेना. म्हणजे आवाज यंत्राचा नव्हे, चाकाचा, एवढें ठरलें. कोणत्या चाकाचा, हें मात्र ठरेना.

घरांतील मंडळींनीं एकमतानें पुढचें डावें चाक दोषी ठरविलें, कारण आवाज त्या बाजूनें येत होता. शहरांतील एका दुकानीं टायर झिजल्याचें निदान झालें व दोन नवे टायर घालण्यांत आले. आवाज जसाच्या तसा राहिला. दुसऱ्या एका ठिकाणीं, जुन्या गाडीचें इतकें चालायचेंच, असें सांगून आमची बोळवण करण्यांत आली. घाटांतून मुलाबाळांसह जाणाऱ्या माणसाचें असल्या उत्तरानें समाधान होत नाहीं. दोष सांपडेपर्यंत गाडी दारांत उभी राहिली, आणि त्या सक्तीच्या विश्रांतींत आम्हांस चाकाच्या आवाजाचा पूर्वेतिहास चाळण्याचा नाद लागला. त्यांतून जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याचें सार आधींच सांगावयाचें तर असें कीं, कान संशय उत्पन्न करितो, पुरावा मात्र हातानें मिळवावा लागतो. हा धडा चाकानें माणसास पुन्हां पुन्हां, व कित्येकदां जबर मोल घेऊन, शिकविला आहे.

आपल्या घराघरांतून सांगितली जाणारी चाकाची सर्वांत प्रसिद्ध कथा याच धड्याची आहे. देवदानवांच्या युद्धांत दशरथाच्या रथाच्या आंसाची खीळ निखळली, तेव्हां शेजारीं बसलेल्या कैकेयीनें तेथें आपला हात घालून चाक सांवरलें, आणि त्याबद्दल तिला दोन वर मिळाले. पुढचें सारें रामायण या दोन वरांतून निघालें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु चाकाची अवस्था राजास कळली नाहीं व राणीस कळली, याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. शस्त्रांच्या खणखणाटांत कानावर विसंबून खीळ गेल्याचें कळणें शक्य नव्हतें. तिनें पाहिलें आणि हात घातला.

चाक घडविणाऱ्या कारागिरांनीं आपला देव विश्वकर्मा मानिला. वेरुळचें दहावें लेणें अजूनहि विश्वकर्म्याचें लेणें, किंवा सुताराची झोंपडी, म्हणूनच ओळखलें जातें. वास्तविक तें बौद्ध चैत्यगृह. स्तूपापुढें पाय खालीं सोडून बसलेली बुद्धाची भव्य मूर्ति तेथें आहे. परंतु वरच्या कमानदार छताला दगडांतच कोरलेल्या फासळ्या इतक्या हुबेहुब लांकडी वाशांसारख्या आहेत कीं, सुतारांनीं त्या मूर्तींत आपला विश्वकर्मा पाहिला यांत नवल नाहीं. कारागीर मंडळी तेथें त्याच भावनेनें दर्शनास येत असत. दगडांतहि लांकूड ओळखणाऱ्या या लोकांच्या हातीं आमच्याकडील गाड्यांचीं चाकें कित्येक शतकें होतीं.

देशावर आऱ्यांच्या चाकांची हलकी बैलगाडी सर्रास दिसूं लागली, ती मात्र फार जुनी गोष्ट नव्हे. १८३५ च्या सुमारास सोलापूर जिल्ह्यांतील टेंभुर्णी येथें गेस्फर्ड नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें सुधारलेल्या गाड्या बनविण्यास आरंभ केला. त्यापूर्वीं त्या भागांत भरींव, कोठें कोठें तर दगडी, चाकांचे जड गाडे असत, आणि बहुतेक माल बैलांच्या पाठीवरून जाई. नव्या गाडीच्या चाकाची रचना आमच्या पिढीपर्यंत सर्वांच्या डोळ्यांपुढें होती: मध्यें तुंबा, तुंब्यांत ठोकलेले आरे, आऱ्यांवर जोडलेले पाटे, आणि पाट्यांवर तापवून चढविलेली लोखंडी धाव. तुंब्याच्या भोंकांतून आंस जाई व त्यावर तुंबा घांसत फिरे. हें घर्षण सुसह्य करण्यासाठीं वंगण. तें संपलें कीं चाक कुरकुरूं लागे, आणि शहाणा गाडीवान पुढच्या झाडाखालीं थांबून त्याची समजूत घाली. माणसाची कुरकुर आणि चाकाची कुरकुर यांस आपल्या भाषेनें एकच शब्द ठेविला आहे तो उगीच नव्हे. त्या काळीं निदान सोपें होतें, कारण आवाजाचें कारण बहुधा एकच असे. कानाला चूक करण्यास फारशी जागाच नव्हती.

ही स्थिति आगगाडीनें पालटली. १९०० च्या सुमारास मनमाडाहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या वाटेनें हैदराबादेकडे हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा लहान रुळांचा मार्ग सुरू झाला, आणि मराठवाड्याच्या कानावर नव्या चाकांचा नाद पडूं लागला. आगगाडीचें चाक आंसावर फिरत नाहीं. तें आंसावर घट्ट दाबून बसविलेलें असतें व आंसच फिरतो. आंसाचीं टोंकें ज्या पेट्यांत फिरत, त्यांत तेलानें भिजविलेल्या सुताचे बोळे कोंबलेले असत. तेल आटलें तर आंस तापे, धूर निघे, आणि वेळीं लक्ष न गेल्यास तो जळून तुटे. म्हणून मोठ्या स्टेशनांवर गाडी थांबली कीं तपासणारा माणूस पेट्यांवर हात ठेवीत जाई. दुसऱ्या हातांत लांब दांड्याची हातोडी असे. तिनें तो प्रत्येक चाक वाजवून पाही. अखंड चाक घंटेसारखें खणखणे. भेग गेलेलें चाक बद्द वाजे. बाजारांत मडकें घेणारी गृहिणी बोटाच्या पेरानें तें वाजवून घेते, तिचीच ही विद्या. गाडीवान चाक केव्हां बोलेल याची वाट पाही; हा माणूस चाकास बोलतें करी. निदानाच्या इतिहासांतील ही पायरी मोठी आहे, असें आम्हांस वाटतें.

ही पायरी चढण्यास काय मोल पडलें तेंहि सांगितलें पाहिजे. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायचा उत्सव पाहून पॅरिसकडे परतणाऱ्या गाडीच्या एका इंजिनाचा आंस म्यूदाँ गांवाजवळ मोडला. इंजिन कोसळलें, मागचे डबे त्यावर चढले आणि आग लागली. डब्यांचीं दारें बाहेरून कुलुपबंद असत. पन्नासाहून अधिक माणसें मेलीं. त्यांत दक्षिण ध्रुवाकडील समुद्राचा प्रवास करून आलेला नाविक द्युमाँ द्युर्व्हिल हा आपल्या बायकोमुलासह होता. तो आंस वजनाच्या एका तडाख्यानें मोडला नव्हता. सहन होण्याजोगाच भार लाखों फेऱ्यांत पुन्हां पुन्हां पडून त्याच्या पोटांत भेग वाढत गेली होती. पुढें ऑगस्ट व्होलर या प्रशियन रेल्वेच्या अभियंत्यानें आंस यंत्रावर फिरवून फिरवून वर्षानुवर्षें प्रयोग केले, आणि धातूस थकवा येतो, तो किती फेऱ्यांनीं व किती भारानें येतो, हें आंकड्यांत मांडलें. अशी भेग आंत वाढत असतां चाक कुरकुरत नाहीं. न कुरकुरणाऱ्या चाकावर विश्वास ठेवूं नये, हें आगगाडीनें शिकविलें तें असें.

आतां मोटारीकडे वळूं. मोटारीच्या चाकाच्या पोटांत आंस आणि तुंबा यांचें सरळ घर्षण होत नाहीं. दोहोंमध्यें पोलादी गोळ्या किंवा लाटण्यासारखे तुकडे ठेविलेले असतात, व घांसण्याऐवजीं लोळण्यानें काम भागतें. ही युक्ति गाडीच्या आंसाकरितांच प्रथम योजिली गेली. १७९४ मध्यें वेल्समधील कार्मार्थन येथील लोखंडाचा कारखानदार फिलिप व्हॉन यानें घोडागाडीच्या आंसांत गोळ्या बसविण्याचें पेटंट घेतलें. परंतु त्या काळीं एकसारख्या गोल गोळ्या करणें साधत नसे, त्यामुळें तें कागदावर राहिलें. पुढें सायकलीनें या युक्तीस जीव दिला. १८६९ मध्यें पॅरिसच्या झ्यूल सुरिरे यानें सायकलीकरितां असें बेअरिंग बनविलें, आणि त्याच वर्षीं पॅरिसहून रुआँपर्यंत झालेली शर्यत तें बसविलेल्या सायकलीनें जिंकली. १८८३ मध्यें जर्मनींतील श्वाइनफुर्टच्या फ्रीड्रिक फिशर यानें गोळ्या हुबेहुब गोल घांसण्याचें यंत्र काढलें. १८९८ मध्यें अमेरिकेंतील गाड्या बनविणारा हेन्री टिमकेन यानें निमुळत्या लाटण्यांचें बेअरिंग पुढें आणिलें; वळणावर चाकास जो आडवा रेटा बसतो तो तें सोसतें. आणि १९०७ मध्यें स्वीडनमधील स्वेन विंगक्विस्ट यानें आपोआप सरळ होणारें बेअरिंग योजिलें. तो गोथेनबर्गच्या कापडगिरणींत अभियंता होता. गिरणीखालची चिकणमाती सरके, त्यामुळें लांबच लांब दांडे वाकडे होत व बेअरिंगें फुटत. काळ्या मातींत घर बांधून भिंतींच्या भेगा मोजणाऱ्या मराठवाड्यांतील वाचकांस विंगक्विस्टची अडचण निराळी समजावून सांगावयास नको.

या गोळ्या फुटतात कां? गोळी आणि तिचा मार्ग यांचा स्पर्श एका बारीक ठिपक्याएवढा असतो, आणि त्या ठिपक्यावर गाडीचा भार येतो. या स्पर्शाचें गणित हाइनरिक हर्ट्झ यानें १८८१ मध्यें, वयाच्या चोविसाव्या वर्षीं मांडलें. दर फेरीस तोच भाग दाबला जातो, सुटतो, पुन्हां दाबला जातो; व्होलरच्या आंसास आला तोच थकवा येथेंहि येतो. पृष्ठभागाखालीं भेग जन्मते, वर येते, आणि एक दिवस लहानशी खपली निघते. १९४७ मध्यें लुंडबर्ग व पाल्मग्रेन या स्वीडिश विद्वानांनीं बेअरिंगाच्या आयुष्याचें सूत्र दिलें. त्यावरून पाहतां गोळ्यांच्या बेअरिंगावरील भार दुप्पट झाला तर त्याचें आयुष्य अष्टमांशावर येतें. त्यांचें दुसरें सांगणें अधिक अंतर्मुख करणारें आहे. एकाच दिवशीं, एकाच यंत्रावर बनलेलीं शंभर बेअरिंगें घेतलीं तर तीं एकाच वेळीं मरत नाहींत; शंभरांतील नव्वद किती फेऱ्या टिकतील एवढेंच सांगतां येतें. माणसांप्रमाणें बेअरिंगांचेंहि आयुष्य सरासरीनेंच ओळखावें लागतें. म्हणूनच गाडीच्या चार चाकांपैकीं एकच आधीं बोलूं लागतें, आणि कोणतें तें शोधावें लागतें.

हा शोध आमच्या शहरास परका नाहीं. १९३२ मध्यें निजामाच्या रेल्वेनें रस्त्यावरील वाहतूक हातीं घेतली, तेव्हां तिच्यापाशीं २७ बसगाड्या व १६६ नोकर होते. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला. पुढें महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकीं एक चिकलठाण्यास झाली. खासगी गाड्यांत कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्याची फिआट ११०० आणि तिचीच पुढची पद्मिनी, तसेंच १९५७ पासून २०१४ पर्यंत निघालेली ॲम्बेसेडर, यांचें राज्य कित्येक दशकें चाललें. १९८३ च्या अखेरीस मारुति ८०० आली. १९८५ मध्यें वाळूजला बजाजच्या दुचाकींचा कारखाना सुरू झाला. २००१ मध्यें शेंद्र्यास स्कोडा मोटारींची जुळणी होऊं लागली. त्याच वाळुजेंत सुईसारख्या बारीक लाटण्यांचीं बेअरिंगेंहि बनूं लागलीं. २०१० मध्यें तर येथील मंडळींनीं एकत्र येऊन दीडशें मर्सिडीज मोटारी एकदम खरेदी केल्या, त्याची वार्ता देशभर झाली. त्या मोटारीहि आतां जुन्या गणल्या जाण्याच्या वयास आल्या आहेत. धनिकाचें चाक आणि गरिबाचें चाक यांस थकवा एकाच नियमानें येतो.

या अवधींत मिस्त्रीच्या कामांत एक मोठा पालट झाला. जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकांत दोन सुटीं बेअरिंगें असत. तीं उघडून, रॉकेलनें धुवून, ग्रीस भरून पुन्हां बसवितां येत. शेवटचा नट किती आंवळावा व किती सैल सोडावा, यांत मिस्त्रीचें सारें कसब असे. फार आंवळला तर बेअरिंग तापे, फार सैल राहिला तर चाक डुलूं लागे. नव्या पद्धतीचें बेअरिंग बंदिस्त येतें. त्यांत ग्रीस भरावयाचें नाहीं कीं नट कमीजास्त करावयाचा नाहीं. बिघडलें तर काढून टाकावयाचें व नवें घालावयाचें. यांत सोय पुष्कळ आहे. परंतु उघडून पाहण्याची रीत गेली, आणि न पाहतां बदलण्याची रीत आली. निदान चुकलें तर निरोगी भाग टाकला जातो, रोगी भाग तसाच राहतो, आणि घरचे लोक काम झालें या समजुतीनें घाटास लागतात. आमचे दोन टायर असेच गेले.

कान येथें कां फसतो, याचें कारण शास्त्रांत आहे. आवाज कोणत्या बाजूनें आला हें माणूस कसें ओळखतो, यावर लॉर्ड रॅले यानें १९०७ मध्यें निबंध लिहिला. बारीक व उंच आवाजास आपलें डोकें आडवें येतें, त्यामुळें एका कानास तो मोठा व दुसऱ्यास लहान ऐकूं येतो. जड, घुमणारा आवाज मात्र डोक्यास वळसा घालून दोन्ही कानांस सारखाच पोंचतो. तेथें केवळ लहरींच्या अल्पशा मागेंपुढें येण्यावरून दिशा ओळखावी लागते. मोकळ्या मैदानांत हें साधतें. मोटारीच्या बंद डब्यांत तोच घुमार पत्र्यांतून वाहतो, कांचांवर आपटतो आणि भलत्याच कोपऱ्यांतून प्रकट होतो. घरच्या सर्व मंडळींचें डाव्या चाकाविषयीं एकमत झालें होतें. आतां वाटतें कीं, एकाच डब्यांत बसलेल्यांचें एकमत हा पुरावा नव्हे.

अखेरीस शहराच्या जुन्या भागांतील एका वृद्ध मिस्त्रीकडे आम्ही गाडी हळूहळू नेली. आम्ही आपली हकीगत सांगूं लागलों तोंच तो म्हणाला, "साहेब, आवाज कोठून येतो तें सांगूं नका, केव्हां वाढतो तेवढें सांगा." हा प्रश्न आम्हांस तोंपर्यंत कोणींच विचारला नव्हता. तो आमच्यासह रुंद व मोकळ्या रस्त्यावर आला. डांबरी रस्ता संपून सिमेंटचा लागला, तरी सूर बदलला नाहीं. टायरचा आवाज असता तर रस्त्याबरोबर बदलला असता. मग बेताच्या वेगानें त्यानें गाडी हलकेच डावीकडे वळविली. घुमार वाढला. उजवीकडे वळविली, घुमार जवळजवळ थांबला. डावीकडे वळतांना गाडीचें वजन उजव्या चाकांवर झुकतें, आणि आजारी बेअरिंग भार पडला कीं कण्हतें. आम्हां सर्वांचें डावें चाक त्या एका वळणांत निर्दोष सुटलें.

तरी त्यानें लागलीच बेअरिंग मागविलें नाहीं. गाडी सपाट जमिनीवर उभी करून, इतर चाकांस दगड लावून, जॅकनें उचलून तिच्याखालीं भक्कम घोडी ठेविली. चाक वरखालीं धरून हलविलें. खेळ लागला नाहीं. डावेंउजवें धरून हलविलें. सुकाणूचे सांधेहि घट्ट होते. ब्रेकच्या पत्र्यांत खडा अडकला आहे काय, चाकाचे नट सैल आहेत काय, टायरचा पृष्ठभाग कोठें पायऱ्यापायऱ्यांनीं झिजला आहे काय, हें सर्व त्यानें पाहिलें. कारण यांतील प्रत्येक दोष निरनिराळा आवाज करितो, आणि पायऱ्यांनीं झिजलेला टायर तर बेअरिंगाचा आवाज हुबेहुब उठवितो. मग एका हातानें चाक फिरवीत दुसरा हात त्यानें चाकावरच्या स्प्रिंगवर ठेविला, आणि आमचाहि हात तेथें नेला. घुरघुरणाऱ्या मांजराच्या पाठीवर हात ठेवावा तशी बारीक थरथर हाताला लागली. डाव्या चाकाची स्प्रिंग तशीच तपासली; ती स्तब्ध होती. शेवटीं लांब पेचकसाचें टोंक बेअरिंगाच्या घरावर व लांकडी मूठ कानाशीं धरून त्यानें ऐकलें. १८१६ मध्यें पॅरिसचा वैद्य लेनेक यानें कागदाची गुंडाळी रोग्याच्या छातीस लावून जें साधलें, तेंच हें. कान येथेंहि होताच. पण तो हाताच्या मागून आला.

दाबयंत्रानें बेअरिंग काढून फोडल्यावर बाहेरच्या कड्याच्या आंतल्या अंगास ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा निघाला. एवढ्याशा खड्ड्याचा तो घुमार. त्याचा हिशेब साधा आहे. तासास ६० किलोमीटर वेगाला गाडी दर सेकंदास सुमारें १७ मीटर जाते. चाकाचा घेर १.८ मीटर धरला तर सेकंदास नऊ फेरे होतात. एका रांगेंत बारा गोळ्या असल्या तर बाहेरच्या कड्यावरील एकाच जागेवरून एका फेऱ्यांत सुमारें पांच गोळ्या जातात, म्हणजे सेकंदास पंचेचाळीस ठोके. इतके ठोके कान निरनिराळे मोजूं शकत नाहीं. त्यांचा घुमार होतो. गाडी तासास दहा किलोमीटरवर आणली कीं ठोके सातआठ होतात आणि घुमाराची गुडगुड होते. वेग चढला कीं सूर चढे, त्याचें कारण एवढेंच. खड्डा पडला कीं त्याच्या कडा झिजूं लागतात व त्यांचीं पोलादी चिलखें ग्रीसमध्यें मिसळतात. मग बेअरिंग तापतें, सैल होतें, चाक डुलूं लागतें, आणि भर घाटांत तें जाम होण्याचीहि वेळ येते. खुलताबादचा घाट आम्ही त्याच चाकावर, सारी मंडळी घेऊन, चढलों व उतरलों होतों, हें आठवून त्या रात्रीं आम्हांस झोंप नीट लागली नाहीं.

विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींत यंत्राचा आवाज नाममात्र असतो, आणि त्यामुळें चाकाची कुरकुर त्यांत अधिकच स्पष्ट ऐकूं येते. निदानाची विद्या म्हणूनच जुन्या गाड्यांबरोबर निकामी होणार नाहीं. उलट तिची गरज वाढेल. चाकाच्या पोटांतील कंप मोजणारीं यंत्रें कारखान्यांतून केव्हांच आलीं आहेत, आणि तीं त्या मिस्त्रीच्या तळहाताचेंच काम आंकड्यांत करितात. परंतु यंत्र असो वा हात, केव्हां वाढतो, हा प्रश्न आधीं विचारणारा माणूस हवा. तो मिस्त्री आतां हातांस कंप सुटल्यामुळें मोठीं कामें घेत नाहीं, आणि त्याच्याजवळ शिकणारें कोणी आम्हांस दिसलें नाहीं.

असो. त्यानंतर आम्ही पुन्हां वेरुळास गेलों. दौलताबादेचा तो दरवाजा आला तेव्हां मुलांनीं आपण होऊन कांचा खालीं केल्या आणि कान दिला. टायरांची नुसती सळसळ भिंतींवरून परत आली. तेवढ्यावर विसंबून न राहतां विश्वकर्म्याच्या लेण्यापाशीं पोंचल्यावर आम्हीं चारहि चाकांच्या मध्यभागांवर एकेक करून तळहात ठेवून पाहिला. चारहि सारखींच कोमट होतीं. मग निश्चिंत मनानें आंत गेलों.